मोडलेल्या शपथेचा नारळ

बिशान, सिंगापूर
३ जुलै २०२५

ती. आशाअक्कास,
पांडुरंगाचा शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला या घरात मोठ्याने बोलायची सोय नाही, म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो अंजलीच्या मोबाइलवर पाठवतो आहे. तुझ्या सुनेने वाचलं तरी चालेल, पण माझ्या निशिकांतला इतक्यात कळवू नका.

मंगळवारी भार्गवी इमारतीखालच्या मैदानात मैत्रिणींबरोबर फुटबॉल खेळत होती. निशिकांत बंदरात जहाजाच्या तपासणीला, सूनबाई रॅफल्स प्लेसला बँकेत, म्हणून पाण्याची बाटली घेऊन मीच बाकावर बसलो होतो. उंच आलेल्या चेंडूसाठी ही आणि दुसरी एक मुलगी एकदम उडाल्या आणि त्या मुलीचं कोपर हिच्या कानशिलावर बसलं. नात आडवी झाली. मी धापा टाकत पोचलो तेव्हा उठून बसली होती, पण माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी कोणी परका म्हातारा आहे.

घरी आल्यावर तिला उलटी झाली. उजेड नको म्हणून पडदे ओढून घेतले. आज गुरुवार ना, असं मला तीनदा विचारलं. तिच्या आईला फोन करू म्हटलं तर माझा हात ओढून स्वतःच्या गळ्याला लावला आणि कोणाला सांगणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. मराठीत चार वाक्यं धड बोलत नाही, पण गळ्याची शपथ पक्की शिकली आहे. पत्त्यांत लबाडी करायची म्हणून मीच ती शिकवली होती.

तिच्या शाळेचा नियम आहे की डोक्याला मार बसला की मुलीने तिथल्या तिथे बाहेर बसायचं आणि डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय मैदानात पाय ठेवायचा नाही. हे मला तिनेच सांगितलं. वर्गात चित्रं दाखवून समजावलं आहे म्हणे. सगळं माहीत आहे म्हणूनच लपवते आहे, कारण या महिन्यात अंतिम सामना आहे. मी खोबरेल कोमट करून टाळूवर थापलं, डोकं चेपून दिलं. बरं वाटलं म्हणाली. डोकं मात्र अजून दुखतं आहे आणि शनिवारी सरावाला जायचं म्हणते.

अक्का, मी सातवी शिकलेला माणूस. मेंदूच्या आत काय होतं ते मला काय दिसणार. सांगितलं तर शपथ तिच्या गळ्याशी येते, न सांगावं तर घास उतरत नाही. फार थकल्यासारखं झालं आहे.

रागावलीस तरी भावावरची माया आटू देऊ नकोस.
तुझा पांडुरंग


गुहागर
४ जुलै २०२५

चि. पांडुरंगास,
अ. उ. आ.

पत्र अंजलीने मोठं करून दाखवलं. तिच्याही तोंडचं पाणी पळालं. तू जन्मभर जहाजाच्या इंजिनखोलीत काम केलंस. तिथे धोक्याचा भोंगा वाजला की इंजिनाला खोबरेल लावून बसायचास का, तेवढं कळव.

पोर उलटी करते, वार विसरते आणि तू डोकं चेपतोस. तुझा स्वभावच तसा. लहानपणी घरात विंचू निघाला तर तो मारावा की देवाचा आहे म्हणून सोडावा, याचा विचार करत तू पाटावर उभा राहायचास आणि विंचू मला मारावा लागायचा.

या वेळीही तेच केलं. तुझ्या उत्तराची वाट पाहायला वेळ नाही, म्हणून आज सकाळी देवीपुढे नारळ ठेवून गुरवाकडून गाऱ्हाणं घातलं की पांडुरंगाने शपथ मोडली आहे, तिचा दोष नातीला लागू नये, लागायचाच तर माझ्या वाळक्या गळ्याला लागो. कधी मोडली, असं गुरवाने विचारलं. आज दिवेलागणीपर्यंत मोडेल, असं मी सांगितलं. नारळ फुटला, प्रसाद वाटून झाला. आता तू बोलला नाहीस तर या वयात देवीसमोर मी खोटी पडेन.

तेव्हा चष्मा खाली ठेव आणि सूनबाईला सांग. निशिकांतला नव्हे, तो आधी ओरडेल आणि मग ऐकेल.

मुलीच्या तब्येतीचं कळवत जा. तुम्हा सर्वांना माझे आशीर्वाद आहेतच.
आशालता


बिशान
२० जुलै २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला.

तू खोटी पडली नाहीस. त्याच संध्याकाळी सूनबाई रुचिरा एमआरटीच्या गाडीने घरी आली, तेव्हा दारातच सांगितलं. ती बूट न काढताच खुर्चीवर बसली, आणि लगेच उठून भार्गवीला घेऊन इस्पितळात गेली. डॉक्टरीण म्हणाली की मेंदू हादरला आहे, विश्रांतीने बरा होईल. पण तो बरा व्हायच्या आत दुसरा मार बसला तर मूल हातचं जाऊ शकतं. त्याच दिवशी का आणलं नाही, असं तिने विचारलं. निशिकांतनेही तेच विचारलं, आणि ओरडला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

भार्गवीने माझ्याशी बोलणं सोडलं. आजोबांच्या पोटात काही राहत नाही, असं आईला इंग्रजीतून सांगत होती, मला कळेल अशा आवाजात. पत्ते बंद. मी समोरून आलो की ती कानात गाण्याचं यंत्र घालते. नारळाचं सांगून पाहिलं, तर खिडकीबाहेर बघत राहिली.

शुक्रवारी अंतिम सामना झाला. सावलीत बसून बघायला डॉक्टरिणीने हरकत घेतली नाही. हिला एकटं सोडायचं नाही म्हणून सूनबाईने मला बरोबर धाडलं. ती बाकाच्या एका टोकाला, मी दुसऱ्या. खेळ संपत आला असताना हिची जिवलग मैत्रीण तन्वी, हौगांग भागात राहणारी, गोलच्या खांबावर आपटून पडली. लगेच उठली आणि काही नाही, काही नाही, असा हात हलवू लागली. शिक्षकांचं लक्ष चेंडूकडे होतं. मी काही बोलायच्या आत भार्गवी उठून रेषेपर्यंत गेली आणि तिने ओरडून शिक्षकांना सांगितलं की तन्वीचं डोकं आपटलं आहे, तिला बाहेर काढा. खेळ थांबवून तन्वीला बाहेर बसवलं. संघ हरला.

तन्वीला फार लागलेलं नाही, असं काल कळलं. पण त्या दिवशी ती रडत भार्गवीला नाही नाही ते बोलली, आणि बाकीच्या मुली हिच्याकडे न बघता बसमध्ये चढल्या. भार्गवी बाकावर परत आली. या वेळी मधे जागा सोडली नाही. तिने मला विचारलं की लोक किती दिवस बोलत नाहीत. मी म्हटलं, मला अजून कळलेलं नाही.

तिने माझ्या पिशवीतली बाटली काढली, पाणी प्यायली आणि उरलेलं माझ्यापुढे धरलं.

तुझ्या नारळाचं देणं फेडता येण्यासारखं नाही. ते तसंच अंगावर राहू दे.
तुझा पांडुरंग