रिकामे सापळे

३ एप्रिल
जर्मनीतल्या मोझेल नदीकाठच्या या गावात पोचले. खोली छोटी, पण खिडकीतून द्राक्षमळ्यांचा चढ थेट दिसतो. घरमालकीण वालबुर्गाकाकूंनी बटाट्याचं सूप वाढलं आणि शहरातल्या मुली जेवतच नाहीत, असं बजावलं. काम मनाजोगतं आहे: वेलींवर मादी पतंगाच्या वासाच्या नळ्या लावून घ्यायच्या. मळाभर तोच वास पसरला की नराला खरी मादी सापडत नाही. अंडी नाहीत, की अळ्या नाहीत. शिवाय अधूनमधून सापळे टांगून उरलेसुरले नर मोजायचे.

७ एप्रिल
सगळं गाव नळ्या लावायला चढावर होतं. उकडतं म्हणून मी हातमोजे काढले. एक नळी तडकली, सगळं मनगटावर सांडलं. माणसाला त्याचा वास येत नाही. मुकादम गेरोल्ड म्हणाला, “इर्मेला, आता तुला नवरा शोधायला नको, दारात रांग लागेल.” सगळे हसले. मीही.

४ मे
चर्चमध्ये संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळी मानेवर पतंग बसले. पंख थरथरवत होते. मागच्या बाकावरचे लोक सरकून बसले. लाजेनं मान वर करवेना.

१५ मे
व्हिनेगरनं घासून मनगट सोललं. उपयोग नाही. सापळे रिकामे, म्हणून पंचायतीत माझं कौतुक झालं. मी आभार मानले. ते सगळे कुठे येतात हे सांगितलं नाही.

२४ मे
संध्याकाळी अंगणात काकूंना थंडी वाजली. त्यांनी माझा स्वेटर मागितला. त्यालाही तो वास लागलाय, हे मला माहीत होतं. तरी दिला. एक संध्याकाळ तरी माझी सुटका —
आले. आधी बाह्यांवर, मग चेहऱ्यावर. काकू पहिल्यांदा हसल्या. मग मला हाका मारू लागल्या. मी काचेच्या दाराआड उभी होते. कडी माझ्याच हातात.

२५ मे
डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. गेरोल्डनं माझे हात धरले. म्हणाला, तू तिची लेकीसारखी काळजी घेतलीस.
मी हो म्हणाले.

२८ मे
पुरून आलो. स्वेटर जाळला. तरी येतात — आता दिवसासुद्धा.

२९ मे
गेरोल्डला सांगणार आहे. कडीचंही. तो अंगणात आलाय, हाक मारतोय. दार उघडलं —
ओठांवर बसलेत. बोलायला तोंड उघडलं की आत — त्याला वाटतंय मी रडते — लिहूनच —
गेरोल्ड, त्या संध्याकाळी मी