मॅटच्या जोडावरची गाठ

मास्तर, उद्या सकाळी मला पुन्हा एकदा मॅट शिवायला बसायचं आहे. दोन्ही शाळांनी मिळून ठरवलंय की यंदाच्या क्रिकेट मॅचच्या आधी जुन्या काळी व्हायचं तसं करून दाखवायचं. दोन म्हाताऱ्या कप्तानांना समोरासमोर बसवायचं, मध्ये खेळपट्टीवर अंथरायच्या काथ्याच्या मॅटचे दोन तुकडे, हातात दाभण आणि सुतळी. खेळ अर्थात सिमेंटच्या पट्टीवरच होणार, आमचं शिवणं फोटोपुरतं. तरी मी आठ दिवसांपासून तयारीत आहे. सून म्हणते, लग्नाला निघाल्यासारखं काय चाललंय तुमचं. तिला सांगितलं नाही. ज्यांना पहिल्यांदा सांगायला हवं होतं ते तुम्ही, म्हणून आधी तुम्हाला लिहितोय.

आजच्या पोरांना ही मॅटची भानगड समजावून सांगताना माझी दमछाक होते. म्हणे, मॅट दोन शाळांत अर्धी अर्धी कशाला? अरे, कारण पुरी मॅट कुणाकडेच नव्हती. निजामाच्या सरकारी शाळेकडे मैदान होतं, चेंडू होते, शिकवणं उर्दूतून, आणि कुठल्याशा साहेबांच्या क्लबानं टाकून दिलेला मॅटचा एक तुकडा होता. आपली शाळा खाजगी, मराठीतून शिकता यावं म्हणून चार लोकांनी हट्टानं काढलेली. आपल्याकडे दुसरा तुकडा होता आणि तुम्ही होतात. संक्रांत झाली की दोन्ही तुकडे मैदानावर यायचे आणि दोन्ही कप्तान आपापल्या कडेपासून जोड शिवत जोडाच्या मध्यावर भेटायचे. शेवटची गाठ मारायचा मान आदल्या वर्षी हरलेल्या शाळेचा. म्हणजे आपलाच. सहा वर्षं लागोपाठ आपण हरत होतो आणि गाठ मारत होतो.

हा रिवाज तुम्हीच घातलेला, आणि तो आम्हा पोरांना मुळीच आवडत नव्हता. ज्याला तासाभरात हरवायचं त्याच्याशी गुडघ्याला गुडघा लावून कसलं शिवणकाम करायचं? मी एकदा तसं म्हणालो तेव्हा तुम्ही फळ्यावरचं गणित अर्धं सोडून माझ्याकडे वळलात. "आधी संगं शिवा, मंग लागंल तेवढं भांडा. जोड कच्चा राहिला तर भांडायलाबी जागा ऱ्हायची न्हाई." एवढं बोलून पुन्हा गणिताकडे. तुमचं सगळंच असं होतं. एकदा ठरलं की ठरलं.

मी कप्तान झालो ते वर्ष तुम्हाला आठवत असेलच. पोलीस ॲक्शनला अजून दीडेक वर्ष होतं, पण गावातली हवा बिघडायला लागली होती. मोंढ्याच्या धान्यबाजारात लोक हळू आवाजात बोलायचे. दोन्ही शाळांचे हेडमास्तर म्हणत होते, यंदा मॅच राहू द्या. तुम्ही मात्र सायकल काढलीत आणि सरळ सरकारी शाळेच्या ड्रिलमास्तरांच्या दारात उभे राहिलात. तिथं काय बोलणं झालं ते तुम्ही कधी सांगितलं नाही. परत आलात ते मॅचचा दिवस ठरवूनच. आणि मी ठरवलं की आता जिंकायचंच. कसंही करून. यातलं 'कसंही' मी तुम्हाला सांगितलं नव्हतं.

मॅटचा जोड खेळपट्टीच्या बरोबर मध्यावर यायचा नाही, कारण त्यांचा तुकडा एका पावसाळ्यात कुजून आखूड झाला होता. जोड स्टेशनकडच्या यष्ट्यांपासून सहा-सात पावलांवर यायचा. आपल्या बोलरचा चेंडू नेमका तिथंच पडायचा. शिवण सपाट असली तर काही नाही. पण तिथं टणक उंचवटा असला तर? हा विचार सकाळी शिवायला बसल्यावर सुचला, असं मी पुढं कैक वर्षं स्वतःला सांगत आलो. खोटं आहे ते. आदल्या दिवशीच तुराटीची, तुरीच्या वाळल्या झाडाची, बोटाच्या पेराएवढी काडी तोडून मी खिशात ठेवली होती.

माझे वडील मानवतच्या मोंढ्यात पोती शिवायचे, तुम्हाला ठाऊक होतं. पोत्याचं तोंड शिवून झालं की शेवटच्या गाठीत ते तुराटीची काडी अडकवत, म्हणजे घेणाऱ्यानं काडी ओढली की गाठ सुटते. लहानपणापासून माझाही हात त्यालाच बसलेला. समोर त्यांचा कप्तान बसला होता, उंच, गोरा, सारखा हसणारा. त्याची बाजू शिवून झाली तसा तो म्हणाला, "हौ, मेरा हो गया. अब तुम गाठ मारो, तुमारा हक है." आणि उठून पाणी प्यायला गेला. मी गाठ मारली. आत काडी, वरून दुहेरी वळसा, सगळं काथ्यात दडवलेलं. बरोबर यष्ट्यांच्या रेषेत. वरून हात फिरवला तर नुसती शिवण वाटावी अशी.

दुपार कलेपर्यंत त्या गाठीवर एकही चेंडू पडला नाही. शेवटी त्यांना तेरा धावा हव्या होत्या आणि चार गडी बाकी होते. त्यांचा कप्तान अगदी निवांत खेळत होता. तेवढ्यात आपल्या बोलरचा एक चेंडू गाठीवर पडला, उसळला आणि त्याच्या तोंडावर बसला. पुढचा दात तुटला. तोंड दाबून, बोटांतून रक्त गळत असताना तो चिंचेखाली गेला आणि आपली पोरं टाळ्या पिटत होती. मीही पिटल्या. त्याच बोलरच्या पुढच्या षटकात दोन चेंडू पुन्हा तिथंच पडले आणि दोन गडी गेले. सहा वर्षांची हार फेडायला आता एक-दोन चेंडू पुरले असते. आणि तुम्ही, बोलरकडचे अंपायर, हात वर करून खेळ थांबवलात.

तुम्ही चालत जोडापाशी गेलात. उकिडवे बसलात. बोटं शिवणीवरून फिरत फिरत मध्यावर आली आणि थांबली. काडी तुम्ही नखानं बाहेर काढलीत आणि कुणाला दिसायच्या आत कोटाच्या खिशात टाकलीत. परभणीत पोत्याची गाठ मारणारी शंभर माणसं असतील, पण त्या मैदानावर एकच होता. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मग मोठ्यानं म्हणालात, "शिवण सुटलीय. कप्तान, पुना शिव." आणि तुमचं दाभण माझ्या हातात दिलंत.

सगळ्यांसमोर बसून मी तो अख्खा जोड नव्यानं शिवला. अर्धा तास गेला असेल. आपल्या बोलरचं अंग थंड पडलं. तिकडे त्यांच्या कप्तानानं चूळ भरली, तोंडात रुमाल कोंबला आणि तो परत खेळायला आला. तेरा धावा त्यानं एकट्यानं काढल्या. सातव्या वर्षीही आपण हरलो.

यापुढचं लिहिताना माझा मलाच संताप येतो. पोरं तुमच्याभोवती जमली, सगळ्यांचं एकच म्हणणं की चांगली हातात आलेली मॅच मास्तरांनी घालवली. एका वाक्यात मी सगळं मिटवू शकत होतो. त्याऐवजी मी पुढं झालो आणि म्हणालो, "तुमी त्यायलाच फितूर झालाव, मास्तर."

त्या दिवसांत हा शब्द साधा नव्हता. आणि तुमच्याच कप्तानाच्या तोंडून निघालेला. तुम्ही खिशात हात घातलात. मला वाटलं, आता काडी निघणार. पण हात तसाच राहिला. "चला, मॅट गुंडाळा," एवढंच म्हणालात.

शब्द गावभर झाला. उन्हाळ्यानंतर वातावरण आणखी तापलं तसा तो आणखी चिकटला. पालकांनी पोरं तुमच्या तासाला पाठवायची थांबवली. तुम्ही रोज वेळेवर यायचात, रिकाम्या बाकांसमोर फळ्यावर गणित मांडायचात, सोडवायचात, पुसायचात. मी व्हरांड्यातून पाहायचो. आत जाऊन बसायचं धाडस माझ्यात नव्हतं, आणि काडी कुणाची ते सांगायचं तर मुळीच नव्हतं. त्याच्या पुढच्या संक्रांतीला मॅच झाली नाही. झाली नाही, कारण सायकल काढणाऱ्या माणसाला दोन्हीकडे कुणी विचारत नव्हतं.

मी गाव सोडणार त्या आठवड्यात तुम्ही मला खोलीवर बोलावलंत. तुम्ही एकटे राहायचात, चुलीपाशी बसून स्वतः भाकरी थापत होतात. मी उभाच होतो. "आधी जेव," म्हणालात. ज्वारीची भाकरी, तेलात कालवलेली चटणी. मी खाली मान घालून जेवलो. हात धुतल्यावर तुम्ही कोनाड्यातून दाभण काढून माझ्यापुढं धरलंत. "हे ठिव. लागंल." मी विचारलं, "कशाला, मास्तर?" तुम्ही म्हणालात, "शिवायला, अजून कशाला." त्या क्षणी बोललो असतो तरी चाललं असतं. चुलीत लाकूड घालून तुम्ही माझी वाटही पाहिलीत, हे आता कळतं. मी पाया पडलो आणि निघालो. पुढं पोखर्णीला, तुमच्या गावी, तुम्ही तापानं गेल्याचं कळलं तेव्हा मला महिना उशीर झाला होता.

मी गणिताचा मास्तर होऊन परभणीला परत आलो आणि पहिल्याच वर्षी सायकल काढून सरकारी शाळेत गेलो. मॅच पुन्हा सुरू केली ती अजून चालू आहे. लोक माझं कौतुक करतात. पण मास्तर, तुमच्या नावाला चिकटलेला तो शब्द पुसायचा तसाच राहिलाय, आणि तो जिवंत ठेवणारा माणूस तुमचा वैरी नाही. तो त्यांचा कप्तान आहे. तो इथंच राहिला, सायकलचं दुकान चालवलं, आता नातवंडांत रमलाय. दर मॅचला चहाच्या वेळी तुटका दात दाखवून सगळ्यांना सांगतो, "इनके मास्टर ने हमकू जिताया. चोट देख के मॅच रुकवा दी. ऐसा दिलवाला आदमी नहीं देखा." मनापासून, डोळ्यांत पाणी आणून सांगतो. आणि ऐकणारे आपल्याकडचे लोक माना हलवतात. म्हणजे तेव्हा लोक म्हणत होते ते खरंच होतं तर. उद्या तर त्याला माईक देणार आहेत.

उद्या तो माईकपाशी जायच्या आत मला बोलायचं आहे. शिवताना आम्ही मध्यावर भेटू. तो नेहमीप्रमाणे म्हणेल, तुम गाठ मारो. तेव्हा मी त्याला सांगणार की आमच्या मास्तरांनी त्याला जिंकवलं नाही. त्यांनी एका लबाडीची गाठ सोडवली आणि ती करणाऱ्याचं नाव पोटात ठेवलं. मग माईकवरही तेच सांगणार. त्या मैदानावर असलेले आता आम्ही दोघंच उरलोय. त्याच्यानंतर सांगून उपयोग नाही आणि माझ्यानंतर सांगणारा नाही. त्याला वाईट वाटेल. वाटू दे. पोरं मला हसतील, शाळा कदाचित पुढच्या वर्षी बोलावणार नाही. चालेल मला.

दाभण घासून ठेवलंय. हे पत्र कुठं टाकायचं नाही, टाकायला ठिकाणही नाही. एक मात्र कबूल करतो. आज संध्याकाळी मी शेतातल्या आखाड्यावर जाऊन तुराटीची काडी तोडून आणली, तेवढीच, बोटाच्या पेराएवढी, आणि उद्याच्या सदऱ्याच्या खिशात ठेवली. जीभ मागं पुढं करील अशी मला भीती आहे, मास्तर. तसं झालंच तर काडी त्याच्या तळहातावर ठेवीन. मग तो विचारेल, आणि मला सांगावंच लागेल.