सीटमधली सरकी

उस्ताद, वाड्यावरच्या मालकांच्या त्या लाल इंग्रजी गाडीच्या सीटा पन्नास वर्षांनी परत आपल्या दुकानात आल्या. हे तुम्हाला सांगायला हवं आणि सांगायची भीतीही वाटते, तुम्ही आता काही बोलणार नाही हे माहीत असूनही. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, त्यातही सातवीत दोनदा बसलेलो. तेव्हा कुठे मागचं पुढे झालं तर सांभाळून घ्या.

दुकान तिथेच आहे, रिसोडच्या स्टँडमागे. आता तयार कव्हरं येतात, मी ती ऑटोवर, पिकअपवर चढवून देतो. तुमची सीटा शिवायची वाकडी सुई डब्यात पडून असते. मालकांचा नातू आला तेव्हा मी एका ट्रॅक्टरवाल्याशी गादीच्या रंगावरून वाद घालत होतो. नातू नागपूरला असतो, डोक्यावर केस कमी, हौस जास्त. त्याने ती गाडी गोठ्यातून बाहेर काढली, इंजीन, पत्रा, रंग सगळं पुण्याला करून घेतलं. मला म्हणाला, "काका, सीटा मात्र तुमीच करा. आजोबा सांगत, या गाडीच्या सीटा रिसोडच्या उस्तादानं शिवल्या होत्या." आणि मग पोट धरून हसला. "आन् उंदरं बी त्यानंच सोडले होते!"

उस्ताद, त्या घरात प्रत्येक लग्नात तुमची गोष्ट सांगतात. पोरासोरांना मालकांच्या आजोबांचं नाव सांगता येणार नाही, पण उंदरांचा उस्ताद सगळ्यांना ठाऊक आहे. मी हसलो. मग खाली बसलो आणि खिळे शोधत असल्यासारखं केलं.

तो दिवस मला काल झाल्यासारखा दिसतो. रामनवमीचा आदला दिवस. तुम्ही सीटांच्या कडा शिवून ठेवल्या आहेत, दुसऱ्या कामाचं कातडं आणायला वाशीमला निघाला आहात आणि पायरीवरून सांगता, "खाली काथ्या, वर पिंजलेला कापूस. पिंजाऱ्याकडूनच आणजो. सरकीचा एक दाना नाही पाह्यजे." मी मान हलवतो. स्टँडवर पोहरादेवीच्या जत्रेची जीप उभी आहे, दोस्त हॉर्न वाजवून राह्यले आहेत. पिंजाऱ्याकडे जातो तर माझ्याआधी पाच रजया. आमच्या घरी कापसाची गंजी आढ्याला टेकलेली. मी घरून गाठोडं आणलं, सरकीसकट कोंबलं, मधली शिवण घालून टाकली आणि जीप पकडली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही सीटवर तळवा दाबून पाहिलात. "टनक झाली जराशी," म्हणालात. मी म्हणालो, "बसून बसून नरम होईन." तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात.

पुढे महिन्याभराने मालकांच्या मुलीचं लग्न. दोनच माणसांची उघडी गाडी, एका बाजूला मालक स्वतः हाकायला, दुसऱ्या बाजूला बाशिंग बांधलेला नवरदेव. आपण दोघं मारुतीच्या पारापाशी उभे होतो, तुम्ही नवा कुर्ता घातला होता. पारासमोर येता येता गाडीच्या नाकातून धूर निघाला आणि गाडी जागीच थांबली. तेवढ्यात नवरदेवाच्या मांडीखालून एक उंदीर निघाला. मग दुसरा. मग सगळं लेकुरवाळं कुटुंब. सरकी खायला आलेल्या उंदरांनी महिन्याभरात संसार थाटला होता आणि तोंडी लावायला वायरी खाल्ल्या होत्या. नवरदेव सीटवर उभा राहिला, तिथून बॉनेटवर चढला आणि पाय झटकत उड्या मारायला लागला. बँडवाल्यांना वाटलं, नवरदेवाला नाचायची हुक्की आली. त्यांनी ठेका वाढवला. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

गाडी ढकलत मांडवाशेजारच्या गोठ्यात नेली. मालकांनी सीटची मधली शिवण टर्रकन उसवली आणि सगळ्या वऱ्हाडापुढे म्हणाले, "उस्ताद, सीट शिवली का उंदराले बाळंतपनाची खोली बांधली?" तुम्ही सरकीचे चार दाणे तळहातावर घेतलेत. एकदा माझ्याकडे पाहिलंत. मी मांडवाच्या खांबाकडे पाहत होतो. तुम्ही म्हणालात, "चुकलं मालक. माह्याच हातची चूक हाय."

मला वाटलं, दुकानात गेल्यावर मार बसेल. बसला नाही. दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता, जत्रेला महिना उलटून गेलेला असताना, सहज विचारल्यासारखं विचारलंत, "जत्रा कशी झाली रे?" मी म्हणालो, "गर्दी होती." त्यानंतर तुम्ही त्यावर एक शब्द काढला नाहीत. मोठ्या घरची कामं आपल्याकडे यायची बंद झाली. तुम्ही जाईपर्यंत जीपच्या आणि ऑटोच्या गाद्या शिवल्यात आणि जाताना वाकडी सुई मला दिलीत. तिला मी नको म्हणायला हवं होतं. घेतली.

तर यंदा त्या सीटा उघडल्या. कडेचे तुमचे टाके जसेच्या तसे, ज्वारीचे दाणे मोजून ठेवल्यासारखे. मधले माझे, जीप सुटायच्या घाईतले. आत सरकीची टरफलं अजून होती. मी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं. घरी जेवण जाईना. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "ते उंदरं मेले, मालक गेले, उस्ताद गेले. तुमीच कायले मरून राह्यले?" मी म्हणालो, "नातवाले सांगाव लागन." ती म्हणाली, "तर सांगा. पन आंधी जेवा, नाही तर ते बी अर्धंच सांगसान."

दोन महिने लागले. नातवाने घोड्याचे केस कुठून तरी मागवले. इंग्रजांनी मुळात तेच भरले होते म्हणे. मी एकेक मूठ उन्हात झटकून भरली. तुमच्या टाक्यांना हात लावला नाही. रोज ठरवायचो, आज फोन करतो, आणि रोज फोनची बॅटरी बरोबर त्याच वेळी संपायची.

नागपूरला मैदानावर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. नातवाने मला आग्रहाने नेलं. गाडी अशी चमकत होती की मी जवळ जायला घाबरत होतो. दर दहा मिनिटांनी मात्र वाकून सीटखाली पाहून येत होतो. मी बांधलेलं लिंबू-मिरची नातवाने काढून ठेवलं, "काका, परीक्षक मार्क कापते," म्हणाला. परीक्षक बाई आल्या, हातात छोटी बॅटरी. सीटवर वाकून त्यांनी वास घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हा वास मूळचाच का?" मी म्हणालो, "डांबराच्या गोळ्या हायेत, बाई. उंदरासाठी." उंदीर म्हटल्याबरोबर नातवाला निमित्तच मिळालं. त्याने सगळी गोष्ट रंगवून सांगितली, नवरदेवाच्या उड्यांसकट. पंधरा-वीस माणसं जमली, सगळी हसत होती. शेवटी तो म्हणाला, "आन् त्या उस्तादानं सरकीसकट कापूस भरला होता!"

 आता समोर मांडवाचा खांब नव्हता, बघायला दुसरं काही नव्हतं. मी ओरडलोच. "उस्तादानं नाही भरला! म्या भरला! त्यायनं नाही म्हटलं होतं. मले जत्रेले जायचं होतं."

 मग नातू माझ्याजवळ आला, त्याचे डोळे भरले होते. माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना म्हणाला, "पाह्यलं? पन्नास वर्सं झाले, अजून आपल्या उस्तादाचं नाव सांभाळून राह्यले." मी म्हणालो, "अरे, खरंच म्या भरला!" जितक्या जोरात म्हणालो, तितक्या जोरात टाळ्या पडल्या. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. एका पोराने माझा फोटो काढला. संध्याकाळी गाडीला सीटांच्या कामाचं बक्षीस मिळालं आणि मला मंचावर बोलावून शाल दिली, निष्ठावान शिष्य म्हणून. माइकवर मी पुन्हा सांगायला गेलो, तर संयोजकांनी प्रेमाने माइक काढून घेतला. माझा कंठ दाटून आला आहे असं त्यांनी लोकांना सांगितलं.

आता त्या घरात कोणती गोष्ट सांगतील देव जाणे. उंदीर तुमच्याच नावावर राहिले आणि माझ्या नावावर निष्ठा चढली. आधी वाटलं होतं, हे पत्र ड्रायव्हरच्या सीटमध्ये आतून शिवून टाकावं. पुढे पन्नास वर्षांनी कोणी उसवेल, त्याला तरी कळेल. सीट पुन्हा दुकानात मागवून घेतली, तुमची वाकडी सुई काढली, दोरा ओवला. मग आठवलं की कागदालाही उंदीर येतात. सीट तशीच परत पाठवली. पत्र तुमच्या सुयांच्या डब्यात ठेवतो आहे, तो पत्र्याचा आहे.

आणि उस्ताद, शाल मी घेतली. दुकानात गारवा नाही, तरी ती पांघरूनच बसलो आहे.