जाळीवरचा फ्लेक्स

मंगळवार, पाटण. दिवेलागण झालीय.

वाडीच्या चढावर जीप आज पुन्हा उकळली. आई दवाखान्यातून परत येत होती, मागच्या सीटवर धापा टाकत, आणि इंजिनच्या तापमानाचा काटा लालवर. थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर धुऊन आणला, पाण्याचा पंप नवा टाकला. तरी काटा लालवरच. आणखी काय करायचं राहिलं होतं?

राहिलेलं मला ठाऊक होतं. धाकट्या भावाचा फ्लेक्स. सीमेवरून त्याला आणलं, तेव्हा अंत्ययात्रेसाठी गावानं जीपच्या पुढच्या जाळीवर बांधलेला, वर्दीतला हसरा फोटो. नंतर आईनं तो काढूच दिला नाही. रेडिएटरला वारा लागत नाही हे मला कळत नव्हतं? कळत होतं. तरी एकेक पार्ट बदलत राहिलो.

आज तिनंच विचारलं, "त्येच्यामुळं व्हतंय व्हय रं?"

मी मान हलवली.

"मग काढ. पर घडी नगं घालूस त्येची."

इंजिन निवेपर्यंत एकेक दोरी सोडली. फ्लेक्स गुंडाळून तिच्या मांडीवर दिला. पाणी ओतून निघालो. अख्खा चढ चढलो, काटा अर्ध्यावरून हलला नाही. मागं आई गुंडाळीवर हात फिरवत बसलेली. दुरुस्ती झाली म्हणायची.

मी मात्र सारखा काट्याकडंच बघत होतो. एकदा लालवर जा रे बाबा, म्हणत होतो. म्हणजे फ्लेक्सचा काही दोष नाही म्हणून तो परत बांधता आला असता.