माझ्या हातचं सोडून

१ मे, गुरुवार

ह्यांच्या कंपनीला सुट्टी. माझे डबे चालू, बत्तीस. सातपूरला खोल्या करून राहणाऱ्या पोरांना सुट्टीच्या दिवशी दुप्पट भूक लागते. दोघांनी निरोप धाडला, पोळ्या वाढवा.

दुपारी हे म्हणाले, पार्कची तिकिटं काढली. घाट उतरल्यावर तो मोठा पार्क आहे ना, पाण्याच्या घसरगुंड्या, उंच पाळणे, तिथली. दोन महिन्यांच्या ओव्हरटाइमचे पैसे घातले. पुढच्या शनिवारी जायचं, रविवारी परत. आम्ही दोघं, रेवा, सासूबाई. सटाण्याहून धाकटे भाऊजी, मनीषा आणि त्यांची दोन पोरं. रेवा उड्याच मारायला लागली. दहावी झाल्यापासून पोरगी घरात कोंडून बसलीय.

मी एक अट घातली. ते दोन दिवस मी माझ्या हातचं खाणार नाही आणि कुणाला करून घालणार नाही. हे हसले. "एवढंच ना? मंजूर." रेवाला साक्षीदार ठेवलं.

नऊ वर्षं झाली डब्यांना. फोडणीचा वास केसांतून जात नाही, उशीलासुद्धा येतो. आपणच केलेली भाजी ताटात घेतली की घशाखाली उतरत नाही. शिसारी येते. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी केळं, संध्याकाळी भातावर ताक. हे कुणाला कळलेलं नाही, कारण सगळ्यांना वाढून झाल्यावर मी काय खाते ते बघायला कुणी थांबत नाही. सांगितलं तर म्हणतील, माजली.

दोन दिवस. दुसऱ्या कुणीतरी केलेलं, दुसऱ्या कुणीतरी वाढलेलं. बास.

५ मे, सोमवार

"प्रवासापुरतं थोडं घे," हे म्हणाले. "चार पुऱ्या."

चार म्हणजे किती, हे आमच्याकडे विचारायची पद्धत नाही. मी अटीची आठवण दिली तर म्हणे, प्रवास म्हणजे पार्क थोडाच? पार्कात तुला कोण काय करायला सांगतंय?

इतक्यात भाऊजींचा फोन. ह्यांनी स्पीकरवर टाकला. "वहिनी, बाहेरनं खाणं म्हणजे पैसा पाणीमा. तुमना हातनी चव कोठेच नई शे." कांद्याच्या व्यापारात मुरलेला माणूस, समोरच्याला गोड बोलून भाव पाडायची सवयच आहे.

पुऱ्या कबूल केल्या. माझीच जीभ मेली.

७ मे, बुधवार

हे आज फार खुशीत. शनिवारी राहायची सोय झाली. हॉटेल नाही, पार्कपासून जवळच एका घराचा वरचा मजला. "किचन आहे. गॅस, कुकर, भांडी सगळं. बघ, तुझी किती सोय झाली."

माझी.

मी म्हटलं, आपलं काय ठरलं होतं? तर हे खरंच गोंधळले. मुद्दाम करत असते तर परवडलं असतं. म्हणाले, "अगं, आठ माणसं दोन्ही वेळा बाहेर जेवायची म्हणजे काय होईल? तेवढ्या पैशांत परत तिकिटं निघतील. आणि मला नाही जात तुझ्या हातचं सोडून." हे त्यांनी प्रेमानं म्हटलं. लग्नाला अठरा वर्षं झाली, त्यातलं सगळं प्रेम ह्या एकाच वाक्यात बांधून ठेवलंय. मला त्या वाक्याचीच किळस यायला लागलीय, आणि हे लिहिताना वाईटही वाटतंय.

रेवा म्हणाली, "आई, तू नाही म्हण ना." नाही म्हटलं तर ट्रिप मोडेल आणि खापर माझ्यावर.

९ मे, शुक्रवार

डबे आजपासून बंद, सोमवारी चालू. सगळ्यांना तसं कळवलं. एकानं विचारलं, "काकू, मग आम्ही काय खायचं?" मला काय माहीत.

संध्याकाळी सटाण्याची मंडळी मुक्कामाला आली, आणि तिखट-मिठाच्या पुऱ्या. माणसं आठ, त्यात दोन लहान, एक म्हातारी. पण हात बत्तीस डब्यांचा. पीठ मापानं घ्यायची सवय गेलीय, परात भरली की थांबायचं एवढंच हाताला कळतं. तळून झाल्यावर रेवानं मोजल्या, एकशे चाळीस. वर शेंगदाण्याची चटणी, ठेचा, बटाट्याची कोरडी भाजी. सासूबाई म्हणाल्या, "बरं शे, दोन दिवस निघतीन." म्हणजे त्यांनी हिशेब मनात आधीच केला होता.

ह्यात चूक माझीच. वीस पुऱ्या करून गॅस बंद करायला हवा होता. हाताचा राग येतोय.

१० मे, शनिवार

रूमवर आल्यावर लिहितेय. बाकीचे खाली अंगणात बसलेत.

पहाटे निघालो. भाऊजींच्या गाडीत कांद्याचा वास, त्यात डब्यातल्या ठेच्याचा. घाटात मला मळमळलं. पार्कला साडेनऊला पोचलो. फाटकावर ठळक पाटी, बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत. ह्यांना आधीपासून माहीत होतं. मनीषानं मोबाईलवर कुठलातरी व्हिडिओ बघून युक्ती काढली होती, आणि काल मी आंघोळीला गेले तेव्हा सगळ्यांनी मिळून ती अमलात आणली होती. मला सांगितलं नाही.

रखवालदारीण बाईनं कपड्यांची बॅग उघडली. वर टॉवेल. खाली माझा पाण्यातून आल्यावर घालायचा कोरडा सलवार-कमीज. तिनं सलवार उचलली तर जड लागली. तिनं ती उलगडली. दोन्ही पायांत कागदात गुंडाळलेल्या पुऱ्या कोंबलेल्या, नाडीनं वरून गाठ मारलेली. तेल कागदातून बाहेर आलेलं. मागे ही रांग. कुणीतरी पोरगं हसलं. रेवा चार पावलं लांब जाऊन भलतीकडेच बघत उभी राहिली. मीही तेच केलं असतं, पण सलवार माझी होती.

ती बाई चांगली होती, ओरडली नाही. "ताई, बाहेर खाऊन या, नाहीतर इथे ठेवा. आत नाही चालणार." सासूबाई ठाम, अन्न असं टाकून जायचं नाही. गाडीत ठेवू म्हटलं तर भाऊजी म्हणाले, उन्हात संध्याकाळपर्यंत आंबतील. मग काय, सगळे परत पार्किंगमध्ये. दोन गाड्यांच्या मधल्या सावलीत चटई अंथरली आणि सकाळी दहाला दिवसभराचं जेवण पोटात भरायला बसले. मी वाढत होते. "अजून दोन घ्या," सासूबाई प्रत्येकाला. भाऊजींनी मोजून सतरा खाल्ल्या, वर म्हणाले, "आते आपलं पोट म्हणजे डबा, हाई कोन तपासी?" सगळे हसले. त्यांच्या धाकट्याला, चिंटूला, नको नको म्हणत असताना आठ भरवल्या. शेजारच्या गाडीतल्या बाईनं काच वर केली.

मी एकही खाल्ली नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही.

आत गेलो. व्हायचं तेच झालं. दुसऱ्याच घसरगुंडीवरून चिंटू खाली आला आणि पाण्याच्या काठावर उलटी. पुऱ्यांचे तुकडे, बटाटा, ओवा, सगळं माझ्या ओळखीचं. तिथल्या माणसानं शिट्टी वाजवली आणि सगळ्यांना पाण्याबाहेर काढलं. भाऊजी त्याच्या अंगावर पाणी ओतत म्हणतात, "काही नई, ऊन लागनं." मनीषा पोराला घेऊन बाकावर. हे आणि रेवा उंच पाळण्याच्या रांगेत. सासूबाईंना सावलीत डोळा लागला.

मी उठले आणि चालत खानावळीच्या बाजूला गेले. ठरवून नाही. पायच गेले.

थाळी घेतली. पैसे माझ्याकडे होते, डब्याचे. स्टीलचं ताट, खणांचं. वरण पाणचट, पनीरची भाजी गोड, पोळी चामट. माझ्या पोरांना असं दिलं तर दुसऱ्या दिवशी डबा बंद करतील. मी सगळं खाल्लं. हात थांबेना. पोळी ताटात पडली आणि मला तिची कणीक कुणी मळली ते माहीत नव्हतं, ह्याचाच आनंद. एक म्हातारीशी बाई पातेलं घेऊन फिरत होती. माझ्यापाशी थांबली. "भात घे ना बाई अजून. गरम हाय." मी मान हलवली. तिनं वाढला. वर वरणही घातलं, न मागता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तिनं पाहिलं असेल. पुढच्या टेबलाकडे गेली.

मान वर केली तर समोर मनीषा, चिंटूसाठी पाणी घ्यायला आलेली. "ताई, तुम्ही एकट्याच जेवताय?" वाक्यात राग नव्हता. हेवा होता की काय, अजून कळलं नाही. मी म्हटलं, बस. ती बसली नाही. दहा मिनिटांत सगळ्यांना माहीत.

हे म्हणाले, "आम्हाला पार्किंगमध्ये पुऱ्या, आणि तू थाळी?" मी म्हटलं, अट होती. तर म्हणे, "अट पैशाची नव्हती." हे काय उत्तर झालं? सासूबाईंनी फक्त एवढं विचारलं, "घरनं सोडीसन बाहेरनं गोड लागस का तुले?" मी हो म्हटलं. त्यानंतर त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत.

संध्याकाळी ही रूम. ओट्यावर आधीच्या कुणाच्या तरी माशांचा वास, कुकरची शिटी चिकट, कढईला हात लावला तर बोट चिकटलं. मी आत जायचंच नाही ठरवलं होतं. चिंटू पोट धरून रडायला लागला. "काकू, मऊ भात." नऊ वर्षांचं पोर. कुकर तीनदा घासला, सासूबाईंच्या पिशवीतून निघालेले तांदूळ घातले आणि लावला. झाकण उघडलं तर बाहेर सगळे ताटं घेऊन बसलेले. "लावलाच आहेस तर," हे म्हणाले. मूठभर तांदूळ टाकायचे होते, हातानं कुकर भरला होता. पुन्हा हातच.

वाढलं.

११ मे, रविवार

परत. उरलेल्या पुऱ्या गाडीतच राहिल्या होत्या. आंबूस वास, बुरशी नाही पण चिकट तार. इगतपुरीच्या अलीकडे थांबून सासूबाईंनी त्या एका गाईला घातल्या. गाईनं हुंगल्या आणि निघून गेली.

रेवा मागच्या सीटवर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हळूच म्हणाली, "थाळी कशी होती? खरं सांग." मी म्हटलं, वरणात मीठ कमी होतं. ती तोंड दाबून हसली. थोड्या वेळानं म्हणाली, "मला बोलवायचंस ना." तेवढं मात्र लागलं.

१४ मे, बुधवार

डबे पुन्हा बत्तीस. वांगी-बटाटा.

मी पोळ्या लाटत होते, हे हॉलमध्ये फोनवर. कंपनीतला कुणी मित्र, त्यालाही जायचंय पार्कला. हे समजावून सांगत होते. रूम कुठली घ्यायची, टोल किती. मग म्हणाले, "जेवणाचा खर्च? शून्य. अरे खरंच शून्य. घरूनच नेलं सगळं, तिथेही घरचंच." मोठ्या अभिमानानं.

लाटणं हातात तसंच राहिलं. तव्यावरची पोळी करपली. एकशे चाळीस पुऱ्या, चटणी, ठेचा, भाजी, घासलेला कुकर, भात. शून्य. माझी थाळीसुद्धा त्यात धरली नाही, ती तर ह्यांच्या मते झालीच नव्हती.

संध्याकाळी सांगितलं मी त्यांना. भांडले नाही. म्हटलं, तुमच्या त्या शून्यात मी होते. हे म्हणाले, "मी तर तुझं कौतुकच करत होतो." खरंच तसं वाटत होतं त्यांना. म्हणूनच तर चीड येते. लबाड माणसाशी भांडता येतं.

१६ मे, शुक्रवार

दिवाळीत कोकणात जायचं भाऊजींच्या डोक्यात. रूम किचनवालीच. मनीषानं मला वेगळा मेसेज केला, "ताई, त्या थाळीत पनीर होतं का?" मी हो लिहिलं.

१८ मे, रविवार

रविवारी डबे नसतात, पण घरी रविवारचं जेवण असतं. दर रविवारी कोंबडीचा रस्सा, भाकरी. आज मी उठले, आंघोळ केली, केस धुतले, आणि हॉलमध्ये खुर्चीवर येऊन बसले.

अकरा वाजता सासूबाई पोथी मिटून स्वयंपाकघरात डोकावल्या, परत आल्या. इतक्या दिवसांनी बोलल्या, "गॅस पेटेल नई?" मी म्हटलं, नाही. बारा वाजता हे आले. "आज काय आहे?"

मी म्हटलं, "मला भूक लागलीये."

त्यांना वाटलं मी बाहेरून मागवायला सांगतेय. मोबाईल काढला, परत खिशात ठेवला. मी खुर्चीतून हलले नाही. रेवा दारात उभी, आळीपाळीनं आम्हा दोघांकडे बघत होती.

आता साडेबारा. हे आत गेलेत. डब्यांची झाकणं उघडल्याचे आवाज येतायत, एकामागून एक, लावल्याचे नाहीत. काहीतरी सांडलं. सासूबाई उठायला लागल्या तर रेवानं त्यांना हाताला धरून बसवलं.

आतून आवाज. "अगं, पोहे कुठे असतात?"

कुठे असतात ते मला माहीत आहे. अजून सांगितलेलं नाही.