शनिवारचा मेल

प्रिय दादा,

आज शनिवार. साडेदहा झाले आणि तुझा मेल आला नाही. कारण काल मी तुझ्या कॉम्प्युटरवर घोळ घातला. तो तुझ्यापाशीच कबूल करायला हवा, दुसऱ्या कुणाला कळायचाही नाही.

तू गेल्यावरच्या पहिल्या शनिवारी सकाळी दहाला मेल आला, 'शाले, उद्या जेवायला ये. वहिनी कोंबडी करतेय.' ऑफिसात खुर्चीतच रडले मी. पुढच्या शनिवारी पुन्हा तोच! इतकी वर्षं मला वाटायचं, तू दर वेळी आठवणीने टाइप करतोस. लबाडा, मशीनला कामाला लावलं होतंस होय?

खरं तर मला आधीच कळायला हवं होतं. मशीनने ठरल्या वेळी आपणहून करायच्या कामांची यादी, म्हणजे क्रॉनटॅब, मला तूच शिकवलीस, नवघरच्या तुझ्या क्लासमध्ये त्या जाड मॉनिटरसमोर. त्याच्याच जोरावर माझी नोकरी चाललीय.

तिसरा शनिवार मला सोसवला नसता. म्हणून काल वहिनीला सांगून मशीनवर बसले आणि तुझ्या नावाची यादी उघडली. दोनच कामं होती. एक उत्तनच्या फिलोमिना मावशींचं. त्या तुझ्याकडे मेल करायला शिकल्या, आठवतं? बोटीवरच्या त्यांच्या मुलाला दर रविवारी दुपारी मेल जायचा, 'आईला फोन कर.' दुसरं काम माझं. आणि त्याच्या वर, मशीन वाचत नाही, फक्त माणसांसाठी असते तशी एक ओळ, 'शालू येत नाही. तरी बोलवायचं.'

दादा, एकदा तरी फोन करून झापायचंस ना मला! मी नुसतं 'बघते' लिहून मोकळी व्हायचे. मीरा रोडहून नवघर असं किती लांब आहे?

डोळे भरले होते. मला फक्त माझी ओळ काढायची होती. कमांडला 'ई' दिलं की यादी बदलता येते, 'आर' दिलं की सगळी पुसली जाते आणि मशीन 'नक्की ना?' असंही विचारत नाही. कीबोर्डवर दोन्ही शेजारी-शेजारी. बोट आरवर पडलं. आधी कॉपी ठेव, मग हात लाव, म्हणून किती ओरडायचास! ऑफिसात नव्या लोकांना मी हेच बजावते आणि स्वतः विसरले.

फिलोमिना मावशींना फोन करून खरं ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "परत लिव, बाय," म्हणाल्या. "त्याबिगर तो फोन करायचा न्हाय." त्यांची ओळ माझ्या नावाच्या यादीत लिहिली. या वेळी कॉपी ठेवलीय.

मग वहिनीला सगळं सांगितलं. तिला मेलचं काहीच ठाऊक नव्हतं. तू फक्त म्हणायचास, शालू येईल बहुतेक. ती पदराशी चाळा करत म्हणाली, "दर रविवारी तुझा वाटा काढून ठेवायचे गं. संध्याकाळी आम्ही दोघं तो संपवायचो."



माझी ओळ मी परत लिहिली नाही. शब्द पाठ आहेत, वेळ पाठ आहे, तरी नाही. उद्यापासून दर रविवारी मी न बोलावता येणार, कांदे चिरायच्या आधीच. वहिनीने आता माझा वाटा काढून ठेवायचा नाही, ताटात वाढायचा.

तुझीच,
शालू