वीस जणांची झोप

६ ऑक्टोबर, रविवार
दिवसा येणाऱ्या झोपेची प्रश्नावली अरबीत आणून झाली. आठ प्रसंग. डुलकी कधीच लागत नसेल तर शून्य, हमखास लागत असेल तर तीन. मूळ इंग्रजीत 'दारू न घेता जेवल्यावर' असं होतं. दारू काढली. इथे जॉर्डनमध्ये, त्यातही इर्बिदसारख्या शहरात, आत्याला हे विचारलं असतं तर तिने डिग्रीआधी माझं लग्न लावून टाकलं असतं.
आता वीस जणांना दोनदा विचारायचं, मध्ये चौदा दिवस. उत्तरं जुळली की प्रबंध मान्य, आणि घरातली पहिली मास्टर्स मी. अत्यंत काटेकोर राहायचं.

७ ऑक्टोबर
माझ्या मार्गदर्शक डॉ. हयफा म्हणाल्या, अनोळखी माणसं घे. अनोळखी माणसांपुढे माझा आवाज कापतो, त्याचा निकालावर परिणाम होईल. म्हणून नातेवाईक घेतले. आडनावं तीन वेगळी आहेत.

८ ऑक्टोबर, संध्याकाळ
फिद्दा आत्या म्हणाली, दुपारी पडते ती वामकुक्षी, तिला झोप म्हणत नाहीत. शून्य. चारचौघांत बसून डुलकी? ती आमच्या घराण्यात कुणी काढत नाही. शून्य.
बाबांना प्रश्न वाचून दाखवले. त्यांनी विचारलं, "तुला किती हवेत, बाळा?" मी म्हटलं, खरं सांगा. शून्य म्हणाले. पाचव्या प्रश्नाला त्यांचे डोळे मिटले होते. किती एकाग्रता.

२२ ऑक्टोबर, मंगळवार
दुसरी फेरी. वीसच्या वीस जणांची उत्तरं तंतोतंत तीच. आत्याने तर प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर दिलं. भाषांतर इतकं सहज उतरेल असं वाटलं नव्हतं. आभाराचं पान लिहायला घेतलं.

२२ ऑक्टोबर
डॉ. हयफांनी आकडे दोनदा पाहिले. म्हणाल्या, माणसं इतकी जुळत नाहीत, घरी विचार.
विचारलं. पहिल्या फेरीत आई चहा देत शेजारीच होती. तिने सगळ्यांची उत्तरं वहीत उतरवली आणि शनिवारी फोन करून एकेकाकडून पाठ करून घेतली. म्हणाली, "तुझी परीक्षा, आणि आम्ही उत्तर चुकवायचं?"

२५ ऑक्टोबर
सगळं रद्द. डॉ. हयफा म्हणाल्या, "तुझ्यावर जीव नसलेली वीस माणसं शोध." दिवसभर आठवून तीन नावं निघाली. आईने विचारली म्हणून सांगितली. तिने लगेच तिघींकडे कुनाफ्याच्या मिठाईचं एकेक ताट पाठवलं.